विमानाला सराटा लावायचा की विळा

दिग्रसच्या आमच्या गल्लीत घनश्यामभाऊंना कोणी काही निवडायला सांगत नाही. वांगी आणायला धाडलं तर ते एकेक वांगं उजेडाकडे धरून पाहतात, आणि तोवर भाजीवाला पाटी उचलून घरी गेलेला असतो. लग्नाच्या वेळी मुली पाहता पाहता मध्यस्थाच्या चपला झिजल्या. शेवटी दारव्ह्याकडच्या एका गावात विमलताईंनी पोह्यांची ताटली पुढे ठेवली, पाहुण्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुमाले सांगाले जमत नसन तर मीच सांगू का, पसंत हाय म्हून?" बैठकीत हशा पिकला आणि सुपारी फुटली. विमलताई ही गोष्ट आजही आल्यागेल्याला सांगतात, आणि त्या सांगायला लागल्या की घनश्यामभाऊंना हमखास आतल्या खोलीतला पेचकस आठवतो.

अशा माणसानं विमान बांधायला घ्यावं, ही गल्लीला देवानं घरपोच पाठवलेली करमणूकच होती.

तसा माणूस हाताचा पक्का. बस स्टँडच्या मागे त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. विहिरीवरचा जळालेला पंप असो की घरघरणारा पंखा, त्यांच्या हाताखालून गेला की सुतासारखा सरळ. आणि कूलर? घनश्यामभाऊंच्या कूलरसमोर भर मे महिन्यात झोपलेला माणूस चादर मागतो. जन्मभर दुसऱ्यांचे पंखे फिरवले, तेव्हा एखाद्या पंख्यानं आपल्यालाही कुठेतरी न्यावं असं त्यांना वाटलं असेल. त्यात वेडं काय? पण हे गल्लीत कोणी बोलत नाही. गल्लीत एवढंच विचारतात, "काय घनश्यामभाऊ, इमान कुठवर आलं?"

तर विमान आलं होतं बरंच पुढे. कारण सोपं होतं: कुठे निवडायचंच नव्हतं. नळ्या एकाच मापाच्या मिळाल्या, त्या घेतल्या. इंजिन पुण्याच्या कोणा हौशी माणसानं विकायला काढलेलं, ते एकच होतं. पंखांचं कापड विमलताईंनी आणलं आणि आपल्या मशीनवर शिवलं. रंग कोणता हे नवऱ्याला विचारायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत, म्हणून विमान लिंबाच्या लोणच्यासारखं पिवळंधमक झालं. एका माणसाला जेमतेम बसता येईल असं, नाकावर इंजिन मिरवणारं ते पाखरू सदाशिवरावांच्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये उभं राहिलं.

सदाशिवराव म्हणजे घनश्यामभाऊंचे वर्गमित्र. पावसाळ्यात जिनिंग बंद असते आणि कापसाच्या गाड्या रिकाम्या करायचं लांबलचक फरशीचं यार्ड नुसतं शेवाळ धरत पडलेलं असतं. ते त्यांनी दिलं, पण चहाच्या टपरीवर, चारचौघांत अट घालून. "घट बसले का माह्यं यार्ड मोकळं पायजे भौ. दसऱ्याले कापूस येते. तुह्या इमानावर गंजी लावू काय?"

घनश्यामभाऊ जन्मात एकदाच चटकन बोलून गेले, ते इथं. "घट बसाच्या आत यानं जमीन सोडली नाही, तर पंख काढून ठेवतो, इंजिन इकून टाकतो, अन् पुन्हा इमानाचं नाव काढत नाही!"

टपरीवरचा चहा थंड झाला. घनश्यामभाऊंनाही आपण काय बोललो ते घरी पोचल्यावर कळलं. विमलताई म्हणाल्या, "बोलले तं बोलले. आता करून दाखवा."

खरंखुरं उडवायच्या परवानगीचे कागद सरकारदरबारी फिरत होते. त्यामुळे वर न्यायचं नव्हतंच. यार्डात पळवायचं, आणि चाकं फरशीपासून सुटतात का एवढं पाहायचं. सुटली तर विमान, नाही तर भंगार. आणि यासाठी एकच वस्तू राहिली होती, पुढचा प्रोपेलर. तो मारोतराव सुतारांनी शिवणीच्या लाकडाचा करून दिला. पण मारोतरावांनी चूक केली. त्यांनी विचारलं, "पात्याचा आकार कसा पायजे?" घनश्यामभाऊंनी उत्तर दिलं, "असाही करा, अन् तसाही करा."

म्हणून प्रोपेलर दोन झाले. एकाची पाती टोकाकडे रुंद होत गेलेली, मोठी ऐसपैस. दुसऱ्याची बुडाशी भरलेली, टोकाकडे निमुळती होत मागे वळलेली. विमलताईंनी दोन्हीकडे पाहिलं आणि बारसं उरकलं. रुंद तो सराटा, भाकर उलटवायचा असतो तसा. वळलेला तो विळा.

झालं. गल्लीत स्थळ पाहायचा कार्यक्रम लागला. दोन्ही प्रोपेलर शेडमधल्या बाकावर शेजारी शेजारी मांडलेले, विमलताईंचे पोहे, आणि पाव्हण्यांची रांग. "हा अंगापिंडानं चांगला हाय," सराट्याला हात लावून एकजण म्हणाला. "विळा जरा वाळलेलाच वाटते बाप्पा, खात नाही काय?" सदाशिवराव म्हणाले, "पाहून ठेवा, पण घनश्याम व्हय म्हनत नाही तोवर मुंडावळ्या नका आनू."

शेवटी परीक्षा ठरली. विमान मागून दोरानं खांबाला जखडलं, पात्यांच्या रेषेत कोणी फिरकू नये म्हणून बाजूनं चुन्याची रेघ ओढली, आणि पाळीपाळीनं दोन्ही प्रोपेलर लावून इंजिन सुरू केलं. आता आपल्याकडचा माणूस पंख्याची परीक्षा कशी करतो? समोर उभा राहतो, सदऱ्याची वरची बटणं सोडतो आणि डोळे मिटतो. इथं हवा मागे येत होती म्हणून सगळे मागे जाऊन, बटणं सोडून, डोळे मिटून उभे राहिले. सराट्यानं घूंऽऽ करून असा काही वारा फेकला की मारोतरावांची टोपी थेट कुंपणात. "आय हाय! काय हवा हाय भौ!" विळा लावला तर इंजिन चिरक्या आवाजात भराभर फिरू लागलं आणि मागे उभ्या असलेल्यांना तेवढं सुख लाभलं नाही.

"याच्यानं घाम नाही वाळत," गल्लीनं निकाल दिला.

घनश्यामभाऊंनाही तेच पटलं. उभा जन्म कूलरमध्ये गेलेला! रुंद पातं, जास्त हवा, गिऱ्हाईक खूश. वर विळ्यावर इंजिन किंचाळत होतं, त्याचा जीव जातो की काय अशी त्यांना धास्ती. सराटा लागला.

आणि विमान पळालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, रुबाबात, गरजत, सगळं शेवाळ उडवत. पण फरशी काही सोडेना. पुन्हा पळालं. पुन्हा नाही. आवाज तर असा की पलीकडच्या रस्त्यावर एसटी थांबून पाहायची. चाकं मात्र जमिनीला चिकटलेली, सासरी निघालेल्या लेकीनं आईला धरावं तशी.

"टाकीत पानी टाक अन् बाजूनं वाळ्याची जाळी लाव," सदाशिवराव सल्ला देत. "उडन नाही, पण उन्हाळ्यात कामी येईन."

घनश्यामभाऊ हसत, पण ते हसू मिशीच्या खालीच राही. पावसाचे दिवस सरत चालले होते. ते सराट्याचे बोल्ट सोडत, विळा हातात घेत, गल्लीची ती मिटलेल्या डोळ्यांची रांग आठवत आणि सराटाच पुन्हा कसून टाकत. "काहून नाही लावून पाहत तो दुसरा?" विमलताई विचारत. "इंजिन फाटलं तं?" असं हे म्हणत. यापुढे वाक्य जात नसे.

अशात पोळा आला.

विमलताईंच्या माहेरी बैलांचा मोठा मान. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळायचे, वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्यांवर तूप अन् हळद पळसाच्या पानानं चोळायची, ही रीत. दिग्रसला आल्यापासून त्यांच्या दारात बैल नव्हता. पण यंदा ओढणारं जनावर होतं की! संध्याकाळी त्या शेडमध्ये गेल्या आणि सराट्याच्या दोन्ही पात्यांवर बुडापासून बोटांनी हळद-तुपाचे पट्टे ओढले. मग बाकावरच्या विळ्याकडे लक्ष गेलं. त्यालाही तेवढंच लावलं.

सकाळी घनश्यामभाऊ पाहतात तर काय! "काय केलं हे? पुसाव लागते आता सारं!"

"सनाचं पुसते काय कोनी?"

"अन् त्या दुसऱ्याले कायले लावलं? तो तं कामाचाच नाही."

"दावनीले दोन बैल असले तं एकालेच तूप लावता काय तुम्ही?"

पुसायला वेळही नव्हता. पोळ्याच्या दिवशी इंजिन सुरू करायचं गल्लीला कबूल केलेलं. सदाशिवराव नवा पांढराशुभ्र सदरा घालून चुन्याच्या रेघेपलीकडे येऊन ठाकले. विमान दोराला बांधलेलं. घूंऽऽ झालं, आणि सदाशिवरावांच्या सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत पिवळ्या थेंबांची माळ उमटली.

"हळद लागली ना राजेहो मले!" ते ओरडले. "या वयात! घरी काय सांगू?"

सगळं यार्ड हसून लोळलं. इंजिन बंद करून घनश्यामभाऊही हसत खाली उतरले, फडकं घेऊन पुढे गेले, आणि फडकं हातातच राहिलं.

सराट्यावरची हळद बुडापासून टोकाकडे लांबच लांब ओघळली होती, भिंतीवरून पावसाचं पाणी उतरावं तशी. आडवी कुठेच नाही. घनश्यामभाऊ तिच्याकडे पाहत राहिले. मग कोणाला काही न विचारता त्यांनी पाना उचलला, सराटा उतरवला आणि विळा चढवला. कोणाला काही न विचारता! गल्लीतल्या जुन्या माणसांना तिथेच शंका आली की आज काहीतरी घडणार.

पुन्हा इंजिन. चिरका आवाज. पुन्हा बंद. सगळे वाकून पाहायला लागले. विळ्यावरची तीच हळद, तेच तूप, पण पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत आडव्या बारीक रेघा होऊन बसलेलं. नुकतेच फणीनं विंचरलेले केस असावेत तसं.

"इकडं या," घनश्यामभाऊंचा आवाज बदललेला. "हे पाहा. इथं हवा पात्याले चिकटून गेली, म्हून तुपाले आडवं वढत नेलं. अन् त्या सराट्यावरून हवा सुटूनच गेली, म्हून तूप नुसतं गरगर फिरून टोकाकडं पळालं. सराटा वढत नव्हता बाप्पा, घुसळून राह्यला होता. ताक करून राह्यला होता! इंजिनाचा दम कोंडत होता त्यात. अन् आपन मागं बटनं सोडून म्हनतो, काय हवा हाय!"

"मंग ते किंचाळनं?"

"किंचाळत कुठं होतं? मोकळं झालं होतं ते."

मारोतरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. विमलताई म्हणाल्या, "म्हंजे पुसलं असतं तं?" घनश्यामभाऊंनी हातातलं फडकं लांब फेकून दिलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा, चाकांवरच्या लाकडी नंदीबैलांचा पोळा. मिरवणूक संध्याकाळी, म्हणून सकाळी यार्ड मोकळं होतं. दोर सोडला. विमलताईंनी चाकांवर पाणी घातलं आणि विमानाच्या नाकाला, सवयीनं, थोपटलं. घनश्यामभाऊ आत बसले.

विळा किंचाळला. पिवळं पाखरू निघालं, आणि निघाल्यापासूनच त्याची चाल निराळी होती. सराट्यासोबत ते रुबाबात जायचं. आज घाईत होतं. यार्डाच्या मध्याच्या थोडं पुढे शेपूट उचललं गेलं, चाकांची खडखड एकाएकी थांबली, आणि सदाशिवराव, आपलं एवढं मोठं पोट घेऊन, फरशीवर पालथे पडले. गाल जमिनीला लावून ओरडले, "उजेड दिसते! खालून उजेड दिसते!"

हातभर असेल. मग चाकं पुन्हा टेकली, विमान डुगडुगत थांबलं, आणि आत बसलेला माणूस उतरायचं विसरून गेला. लोक धावत पोचले तेव्हा घनश्यामभाऊ दोन्ही हातांनी दांडा धरून तसेच बसलेले, डोळ्यांतून पाणी आणि मिशीवर हसू. "बंद करा ना ते," विमलताई म्हणाल्या. इंजिन केव्हाच बंद झालं होतं.

"घनश्याम," सदऱ्याची धूळ झटकत सदाशिवराव म्हणाले, "शेडचा तो कोपरा तुहा. कापूस इकडून नेईन मी."

हातभर उंची चहाच्या टपरीवर पोचेस्तोवर पुरुषभर झाली, बस स्टँडवर कडुनिंबाएवढी, आणि दारव्ह्याला जाणाऱ्या जीपमध्ये तर विमान जिनिंगच्या छपरावरून वळसा घालून आलं होतं. घनश्यामभाऊंनी कोणाचीही चूक दुरुस्त केली नाही.

संध्याकाळी तान्ह्या पोळ्याची मिरवणूक निघाली. नंदीबैलांना झुली, शिंगांना बेगड, आणि यंदा कित्येकांच्या नाकावर पुठ्ठ्याचा गरगर फिरणारा प्रोपेलर. घनश्यामभाऊ ओट्यावरून वाकून एकेक नंदी पाहत होते. सगळे विळे. सराटा एकालाही नव्हता.

"आता दोघांले बसता येईन असं करा," शेजारी बसलेल्या विमलताई म्हणाल्या. "मी मागं बसू का बाजूले?"

घनश्यामभाऊंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ऱ्हाऊ द्या," विमलताई म्हणाल्या, "बाजूले."