पन्नास माणस जमशे

रविवार, २३ जानेवारी १९९४. खर्च एकशे अडतीस रुपये. हजर: मी, माझी बायको, आमच्या दोन मुली आणि बमरोलीहून खापर घेऊन आलेली मेव्हणी. चूल घरामागच्या मोकळ्या जागेत, तीन विटांची. एवढं मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं. तो दिवस आमच्या घरानं जिंकला होता, आणि जिंकलेल्या दिवसाचे आकडे पुढे सांगताना फुगत जातात. ते फुगू नयेत म्हणून लिहिले.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका कापड-रंगाईच्या मिलमध्ये मी रंगखात्यात वजनकाट्यावर होतो. नऊ वर्षं बमरोलीत काढली. तिथे चौदा खोल्यांना एक नळ, आणि चौदाही खोल्या खानदेशी, त्यामुळे बायकोला गुजराती शिकायची गरज पडली नाही. १९९३ च्या मार्चमध्ये आम्ही बावीस घरांच्या एका गुजराती सोसायटीत भाड्यानं आलो. घरात स्वतःचा नळ होता. पहिल्या दिवशी बायकोनं तो काही काम नसताना चार वेळा उघडून बंद केला.

घरमालक कामरेजला राहत असे. करार अकरा महिन्यांचा होता. पुढे ठेवायचं की नाही ते सोसायटीच्या प्रमुखांना विचारून ठरवीन, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. आमच्याआधी त्या सोसायटीत मराठी घर नव्हतं, आणि दोन घरांना आम्ही नको होतो हे कानावर आलं होतं. मुदत जानेवारीअखेर संपत होती आणि प्रमुखांनी त्याच रविवारी संध्याकाळी पाचला बैठक ठेवली होती. पुन्हा चौदा खोल्यांच्या नळावर जायचं की नाही, ते तिथे ठरणार होतं.

अमळनेरहून गाडीत बसलं की काही तासांत सुरत येतं, पण उतरल्यावर मुलूख परका. वरण गोड. दुपारी दुकानं बंद, आणि दुकानदार घरी जाऊन खरोखर झोपतो. रविवारी सकाळी घरात स्वयंपाक नाही. सगळी सोसायटी फरसाणवाल्याकडून लोचो आणि खमण आणते. बावीसपैकी एकोणीस घरांत झोपाळा होता, मी मोजले होते. निरोप घेताना जाणारा माणूस मागे राहणाऱ्याला 'आवजो' म्हणतो, म्हणजे 'या'. हे मला अजून उलगडलेलं नाही.

खरी पंचाईत शब्दांची. आम्ही राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मासी दारात आल्या. मासी म्हणजे प्रमुखांच्या पत्नी, त्यांच्याकडचा फ्यूज गेला होता. त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "भाई नवरा छे?" गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. बायको म्हणाली, "हो, माझेच आहेत." मासी हसून दारातच खाली बसल्या. त्या दिवसापासून मी एक वही केली आणि असे दोन्हीकडचे शब्द त्यात लिहू लागलो. जानेवारीपर्यंत चाळीस झाले होते. एक शब्द मात्र मी लिहिला नव्हता, कारण तो फारच सोपा, तो सगळ्यांना येतोच, असं मी धरून चाललो होतो.

शनिवारी मी कामावरून आलो तर घरात हरभऱ्याची डाळ शिजत होती. तीन किलो. मेव्हणी गूळ चिरत होती. बायकोनं सांगितलं की दुपारी मासी आल्या होत्या, त्यांच्याकडे उद्या कथा आहे, पन्नास माणसं जमणार आहेत आणि तुम्हाला जमेल का असं त्यांनी विचारलं. आदल्या रविवारी हिनं त्यांना बमरोलीत बहिणीकडे केलेल्या खापरावरच्या दोन पुरणपोळ्या पाठवल्या होत्या आणि त्यांनी फार वाखाणल्या होत्या. म्हणून हिला वाटलं की पन्नास जणांच्या पोळ्या मागताहेत. ही म्हणाली, "जमेल."

मला संशय यायला हवा होता, पण आला नाही, कारण मी लगेच आकडे मांडायला बसलो. माणशी अर्धी पोळी धरली तर पंचवीस, वर पाच, एकूण तीस. तीन किलो डाळ, तीन किलो गूळ, अडीच किलो पीठ, अर्धा किलो तूप. बरोबर बसत होतं.

रविवारी सकाळी नऊला मी मासींकडे विचारायला गेलो की पोळ्या किती वाजता आणू आणि पन्नासात लहान मुलं धरली आहेत का. त्यांच्या अंगणात आचारी पुऱ्या तळत होता. त्याला तिथले लोक महाराज म्हणतात. बेसनाच्या मोहनथाळाची ताटं आधीच थापून ठेवलेली होती. मी काही बोलायच्या आत मासी मला म्हणाल्या, "पचास माणस जमशे. तमे चारेय अहीं ज जमजो."

गुजरातीत जमणं म्हणजे जेवणं. पन्नास माणसं जेवणार, आणि आम्ही चौघांनीही तिथेच जेवायचं. मला हे नऊ वर्षांपासून माहीत होतं. मासी शनिवारी माझ्या बायकोला 'जमशो ने?', म्हणजे जेवायला येशील ना, असं विचारत होत्या आणि ती जमेल म्हणाली होती. दोघीही खूश होऊन वेगळ्या झाल्या होत्या. मी आवजो म्हणून परत आलो.

तोवर अकरा पोळ्या झाल्या होत्या. मी तिला सगळं सरळ सांगितलं. न मागता पोळ्या नेल्या तर बैठकीच्या दिवशी लाळघोटेपणा दिसेल, हेही सांगितलं. मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, तुमनी वहीमा इतलं बी नही का?" बायकोनं हात थांबवला नाही. म्हणाली, "मंग काय व्हयनं? जेवाले बोलावनं शे ना? रिकामे हात नही जावानं." आणि तिनं बारावी पोळी घेतली.

ही पोळी लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा हातावर थापत वाढवायचा, मग तो दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. पोळी एवढी मोठी की दुमडून ठेवावी लागते. साडेदहाच्या सुमाराला मासी मागच्या बाजूनं काही मागायला आल्या आणि भिंतीपाशीच थांबल्या. बायकोच्या दोन्ही हातांवर पोळी होती, तिच्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं. मासींनी हाका मारून बायका बोलावल्या. मी मोजल्या, अकरा घरांतल्या होत्या. ज्या दोन घरांना आम्ही नको होतो, त्यांतल्या एका घरच्या आजी तर स्टूल घेऊन आल्या आणि शेवटची पोळी होईपर्यंत उठल्या नाहीत. शेवटी महाराज हातात झारा घेऊन आला. त्यानं दोन पोळ्या होताना पाहिल्या आणि विचारलं, "बेन, आ हाथ छे के वेलण?" वेलण म्हणजे लाटणं. बायकोला ते कळलं. तिनं पिठाचे हात त्याला उलटसुलट करून दाखवले आणि मोडक्या गुजरातीत म्हणाली, "वेलण घेर छे, पण नवरूं छे." लाटणं घरी आहे, पण रिकामं आहे. सगळ्यांत मोठ्यानं मासी हसल्या.

तिसावी पोळी सव्वाअकराला उतरली. त्या मोठ्या टोपलीत घालून मासींकडे नेल्या, आणि महाराजानं स्वतः मोहनथाळ मागे सारून टोपली पुढे मांडली. मला वाटलं होतं अर्ध्या उरतील. एकही उरली नाही. स्टूलवाल्या आजींनी एक घरी न्यायला मागितली, तेव्हा टोपलीत फडकं तेवढं शिल्लक होतं. आमचा घोळ मी मासींना सांगितला, तेव्हा त्यांनी माझ्या बायकोला झोपाळ्यावर आपल्या शेजारी बसवलं आणि आलेल्या प्रत्येकीला जमेलची गोष्ट सांगितली. नऊ वेळा सांगितली. बायको प्रत्येक वेळी हसली.

बैठक पाचला भरली आणि सहाच्या आत उठली. प्रमुख स्वतः आमच्या ओट्यावर आले. बसले नाहीत. म्हणाले, "कामरेज फोन करी दीधो छे. कोईने वांधो नथी. तमे अहीं ज रहो." बायको आत गेली. नळ उघडल्याचा आवाज आला.

वहीत मी त्या संध्याकाळी एक्केचाळिसावा शब्द लिहिला.

मासी दुसऱ्या दिवशी पाकिटात दीडशे रुपये घेऊन आल्या. खर्च एकशे अडतीस झाला हे मी त्यांना खरं खरं सांगितलं, पण बायकोनं पाकीट परत केलं. मासी म्हणाल्या की मग शकुनाचं तरी घे, आणि पदराच्या गाठीतून पैसे काढले. सात फेब्रुवारीला मी कामरेजला जाऊन घरमालकाला नव्या कराराचं पहिलं भाडं दिलं, साडेपाचशे रुपये, जुन्याइतकंच. पोळ्यांचे मिळाले ते मासींच्या गाठीतले तेवढेच: सव्वा रुपया, माझ्या बायकोला.