भिंतीखालची माती

मावशी रस्ता झाडता झाडता थांबत, खाली बसत, चिमूटभर माती बोटांत चोळत आणि म्हणत, "ही आजची."

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याने तुम्ही सकाळी लवकर गेला असाल, तर त्यांना पाहिलं असेल. हिरवं जाकीट, त्यात खोचलेला पदर, हातात खराटा. एका बाजूला कापलेला डोंगर, त्याला आधार म्हणून बांधलेली जांभ्याची उंच भिंत. भिंतीच्या सावलीत रिक्षा थांबतात.

कचऱ्यावरून त्यांना घरं कळत. "तिसऱ्या दिवशीपण कोलंबीची सालं," त्या एकदा म्हणाल्या. "जावई अजून हललेला नाय."

डिसेंबरात त्यांनी मला अर्धं भरलेलं घमेलं दाखवलं. "भाऊ, पाऊस नाय, वारा नाय. मग भिंतीतनं एवढी माती कशी येते? दिवाळीला मूठभर होती."

त्यांनी ठेकेदाराच्या मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, माती उचलायची. तिची पत्रिका मांडायची नाही."

तरी एक साहेब येऊन गेले. सकाळी अकराला. रस्ता मावशींनी सहालाच झाडला होता. साहेबांनी नोंद केली: माती आढळली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी भिंतीखालचा तेवढा तुकडा झाडणं बंद केलं. "बघू देत सगळ्यांना," त्या रिक्षावाल्यांना म्हणाल्या. "आणि तुम्ही पलीकडे लावा."

"तिकडे ऊन लागतं, मावशी."

"लागू दे."

कुणी हललं नाही. चौथ्या दिवशी भिंतीखालच्या लाल मातीच्या पट्ट्याचा फोटो गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं, सफाई कामगार झोपलेत काय? फोटोत भिंतही होती. तिच्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी ठेकेदाराने त्यांना कामावरून काढलं.

त्या पालीला लेकीकडे निघाल्या, तेव्हा मी त्यांना स्टँडवर भेटलो. "नवीन बाईचा हात चांगला आहे," म्हणाल्या. "कण ठेवणार नाय ती."

गेल्या आठवड्यात सकाळी तिथून गेलो. सहा रिक्षा भिंतीला लागून उभ्या होत्या. एक चालक मागच्या सीटवर पाय पसरून झोपला होता. रस्ता लख्ख होता.

नवीन बाई कडांना लाल माती लागलेली हातगाडी घेऊन वळणापुढे पोचली होती. तिथे रस्ता सपाट आहे. तरीही गाडी हलवायला तिला दोन्ही हातांनी, वाकून, जोर लावावा लागत होता.