खडूनं लिहिलेली वजनं

हा प्रसंग मी घरातसुद्धा कधी पुरता सांगितला नाही. माझ्या निरोप समारंभात दुसऱ्यांनीच तो माझ्या हुशारीचा दाखला म्हणून सांगितला आणि मी मान खाली घालून ऐकला. लोकांना तो विनय वाटला. आता सत्तरी उलटून गेली आहे, निदान कागदावर तरी खरं उतरावं.

नव्वदच्या दशकात श्रीरामपूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळत होतो. विभाग म्हणजे मी, एक सहायक आणि वजनकाट्याजवळच्या खोलीतलं एक यंत्र. काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन दोनदा होतं. आधी भरलेल्या गाडीचं. मग ती ऊस उतरवून आली की रिकामीचं. दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. तो कळला की पावती निघते.

काट्यावरचे लिपिक जामखेडकडचे होते, माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठे. गाडीवाले त्यांना दादा म्हणत. नोकरी हंगामी. गाळप संपलं की ते गावी जात, पुढच्या हंगामाला परत येत. असे अकरा हंगाम झाले होते. त्या वर्षी काही जणांना कायम करायचं ठरलं होतं आणि यादीत त्यांचं नाव वर होतं. कायम झालं की क्वार्टर मिळणार होतं, बायको आणि दोन मुली इकडे आणता येणार होत्या. हे त्यांनी मला डबा खाताना दोनतीनदा सांगितलं होतं.

काट्याचा प्रोग्राम मी लिहिला असं सगळे म्हणतात. पण मी महिनाभर त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो होतो, तेव्हा कुठे मला काटा समजला. गाडी पुरती काट्यावर चढली नसेल तर ते आकड्याकडे न बघताच सांगत. त्यांच्या डब्यातली बाजरीची भाकरी मी इतकी खाल्ली की पुढे वहिनी दोन जास्त बांधून देत, गावाहून येताना.

एका गोष्टीवरून मात्र मी त्यांची थट्टा करायचो. ते भरलेल्या गाडीचं वजन एका वहीतही लिहून ठेवत. दुहेरी काम नको म्हणून मी लेखी सूचना काढून ती वही बंद केली. दुसऱ्या दिवसापासून ते गाडीच्या बाजूच्या फळीवर खडूनं आकडा लिहू लागले.

“वही बंद करा म्हणलात साहेब,” ते म्हणाले. “खडूचं काय न्हाई तुमच्या कागदात.”

मी सगळ्यांसमोर विचारलं, की तुमचा खडू कॉम्प्युटरला जोडून देऊ का. सगळे हसले, तेही हसले. खडू चालूच राहिला.

त्या हंगामात जुनं यंत्र फार हळू चालू लागलं. नवं आलं, पण ऐन गाळपात काटा बंद कसा ठेवायचा? गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, बैल उन्हात. आणि गव्हाण, म्हणजे ऊस आत जातो तो पट्टा, रिकामी पडली की अख्खा कारखाना थांबतो. वरून मला वीस मिनिटं मिळाली.

मी बेत केला आणि तो बेत चांगला होता, हे आजही म्हणेन. जुनं यंत्र चालू असतानाच त्यातली सगळी माहिती नव्यात उतरवून घेतली. मग रोज फक्त त्या दिवशी बदललेली. शेवटच्या दिवशी सकाळपासूनच्याच नोंदी राहिल्या. अकराच्या सुमारास, गाड्या कमी असताना, काटा थांबवला, त्या नोंदी घेतल्या, जुनं यंत्र बंद केलं, त्यातलं काट्याला जोडणारं कार्ड काढून नव्यात बसवलं. सोळा मिनिटं लागली. कार्यकारी संचालक घड्याळ धरून उभे होते. माझ्या पाठीवर थाप मारून ते गेले.

मग पहिली रिकामी गाडी आली. दादांनी नंबर टाकला. अशी गाडीच नाही, असं यंत्रानं दाखवलं. दुसरीचंही तेच.

तेव्हा मला उमगलं. प्रोग्राम लिहिताना वेळ वाचावा म्हणून मीच एक सोय केली होती: गाडीचं दुसरं वजन होईपर्यंत पहिलं डिस्कवर जातच नव्हतं, नुसतं यंत्राच्या मेमरीत राहायचं. यंत्र बंद केलं की ते गेलं. मी फक्त डिस्कवरचं उतरवून घेतलं होतं. तेवीस गाड्या त्या घटकेला अधल्यामधल्या होत्या, आणि त्यांचा ऊस गव्हाणीत पडून चुकला होता.

दादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. उठून बाहेर गेले, फळी पाहिली आणि खिडकीतून म्हणाले, “घ्या साहेब. दोन टन नऊशे चाळीस.”

मी आकडा घातला, पावती निघाली. एक गाडीवाला तर फळीवर हात आडवा धरून आला होता. आकडा पुसला तर दादा रागावतात म्हणाला. एक वाजेपर्यंत तेविसाव्या गाडीची पावती निघाली. एकाही ऊसतोड टोळीचा ऊस बुडाला नाही.

दुपारी मला वर बोलावलं. तेवीस पावत्यांवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन एकाच मिनिटाला कसं पडलं, असं संचालकांनी विचारलं. तिथे एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “काट्यावर अजून जुनी सवय आहे. खडूनं लिहितात आणि मागून घालतात.”

यातला शब्दही खोटा नव्हता. दादांना लेखी समज मिळाली. पुढच्या महिन्यात कायम झालेल्यांची यादी लागली, त्यात त्यांचं नाव नव्हतं. समज मिळाली त्याच आठवड्यात मी प्रोग्राम गुपचूप दुरुस्त केला होता.

यादी लागली त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. मी खुर्चीत अंग चोरून बसलो.

“गाडी तर कुनाची बुडाली न्हाई ना, साहेब?”

“नाही.”

“मग झालं.”

मी वर काय बोललो ते त्यांना ठाऊक होतं की नाही, मला कधी कळलं नाही. आणखी दोन हंगाम ते आले, मग यायचे थांबले. मी ज्या क्वार्टरमध्ये वीस वर्षं राहिलो, जिथून माझी मुलं शाळेत गेली, ते सगळं त्या तेवीस फळ्यांवर उभं होतं. देवाचे आभार मानायला बसलो की आधी दादाच आठवतात.

निवृत्तीनंतर एकदा श्रीरामपूरच्या स्टँडवर ते भेटले. गर्दीत घुसून त्यांनी खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली. मी आत बसलो, ते खाली उभे. मी म्हणालो, “दादा, त्या दिवशी...”

“चालतीय का ती मशीन?”

“केव्हाच मोडीत गेली.”

“आन् खडू?” म्हणाले आणि मनापासून हसले. गाडी सुटली. मी रुमाल परत द्यायचाही विसरलो. तो घेऊन तीन वर्षांनी जामखेडला गेलो, तेव्हा वहिनींनी दार उघडलं. भिंतीवरच्या फोटोला हार होता. त्यांनी भाकरी वाढली. मी जेवलो आणि तिथेही बोललो नाही.

वाक्य एवढंच होतं: दादा, चूक माझ्या प्रोग्रामची होती, तुमच्या खडूनं मला वाचवलं, आणि वर विचारलं तेव्हा मी तुमचं नाव पुढे केलं, मला माफ करा.