फोटोताईंचा सर्व्हर

स्टुडिओतली हार्ड डिस्क गेली तेव्हा फोटोताई एका तान्ह्या बाळाचा फोटो काढत होत्या. बाळ काही केल्या कॅमेऱ्याकडे बघेना. त्याची आई टाळ्या वाजवून दमली, फोटोताई मांजराचे आवाज काढून दमल्या. तेवढ्यात टेबलाखालच्या कॉम्प्युटरमधून आवाज आला. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. कोणीतरी नखानं दार वाजवावं तसा. बाळानं त्या आवाजाकडे मान वळवली, आणि फोटो झकास आला. वाचला तेवढाच, कारण तो अजून कॅमेऱ्यातच होता.

बाकी सगळं गेलं. लग्नं, बारशी, शाळांचे वर्गफोटो, नोकरीच्या अर्जांसाठी ताठ बसलेली माणसं. वडिलांच्या मागे स्टुडिओ हाती घेतल्यापासून काढलेलं सगळं त्या एका डिस्कवर होतं. फोटोताईंनी यंत्र बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. शेवटी धाकट्या दिराला बोलावलं. तो एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि वहिनींची थट्टा केल्याशिवाय त्यांच्या घरचा चहा त्याला गोड लागत नसे. त्या दिवशी मात्र त्यानं डिस्क कानाला लावली आणि त्याचा चेहराच उतरला.

"वहिनी, किती वेळा बंद-चालू केलंत?"

"बऱ्याचदा. का हो भावजी?"

"आता करू नका. आतली सुई तबकडीवर घासतेय. दुसरी प्रत कुठाय?"

"कसली दुसरी?"

डिस्क जुन्या टॉवेलात गुंडाळून दिरानं दूरच्या एका प्रयोगशाळेला पाठवून दिली. मेलेल्या डिस्कमधून निघेल ते काढून देणारी माणसं होती तिथं. "आशा ठेवू नका," जाता जाता तो म्हणाला, "ठेवलीत तरी मला सांगू नका."

त्याच आठवड्यात शिवणबाई आल्या. मागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांची लेक वर्षभरापूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली होती. फोटोताईंना ते ऐकून माहीत होतं, पण भेटायला जायचं राहून गेलं होतं.

"लेकीचा फोटो हवा होता," शिवणबाई म्हणाल्या. "अर्जासाठी काढलेला आहे माझ्याकडे. त्यात ती कुणावर तरी चिडल्यासारखी दिसते. मला हसतानाचा हवाय. घरी येऊन सांगत होती, फोटोताईंच्या दिव्यावरची छत्री धाडकन पडली, मला हसू आवरेना, आणि त्यांनी तसाच फोटो काढला."

तो फोटो फोटोताईंना लख्ख आठवत होता. पोरगी स्टुलावर अर्धी वळलेली, मान मागे टाकलेली. पडद्यावर बघून तीच म्हणाली होती, "हा नको, सगळे दात दिसतात. असू दे तुमच्याकडेच." त्यांच्याकडेच असू दिला होता.

खोटं बोलावंसं वाटलं. पण शिवणबाईंनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तानही काढलं नव्हतं, शिवण अर्धी टाकून आल्या होत्या. फोटोताईंनी झालं ते सांगितलं.

शिवणबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पाहिलाय ना? मग सांगा तरी. कसा होता?"

फोटोताईंनी सांगितला. दुसऱ्या आठवड्यात शिवणबाई पुन्हा आल्या, पुन्हा सांगितला. मग तो रिवाजच पडला.

फोटोताईंच्या डोक्यात तेव्हापासून एकच खूळ शिरलं. घरी सर्व्हर बसवायचा, म्हणजे सगळे फोटो एकाहून जास्त डिस्कवर सांभाळणारा कॉम्प्युटर. पुन्हा कुणाच्या आईला असं खुर्चीच्या कडेवर बसवायचं नाही. नवरा बस चालवायचा, सरळ माणूस. तो म्हणाला, "एक मोठी डिस्क आण आणि मोकळी हो." यावर फोटोताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं वाढून घेतलेलं ताट उचललं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन जेवला.

दीर आला तो पुठ्ठ्याची खोकी घेऊनच. त्याच्या कारखान्यातून निघालेला एक कॉम्प्युटर होता, जुना पण दणकट. "याची मेमरी स्वतःची चूक स्वतः पकडते," तो म्हणाला. "साधी मेमरी एखादं अक्षर चुकीचं धरून बसते आणि तेच डिस्कवर लिहून ठेवते. आपल्याला कळतसुद्धा नाही."

"म्हणजे फोटो दिसतो, पण बदललेला असतो?"

"कधीकधी. म्हणून प्रत्येक फाइलची एक खूण काढून ठेवायची. सर्व्हर अधूनमधून सगळ्या फाइली वाचतो, खूण जुळवतो. नाही जुळली तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करतो."

फोटोताईंना आपलं सांगणं आठवलं. सकाळी शिवणबाईंना सांगताना त्या म्हणाल्या होत्या, वेणी डाव्या खांद्यावरून पुढे आली होती. मागच्या खेपेला उजव्या म्हणाल्या होत्या का? शिवणबाईंनी तर काही टोकलं नव्हतं.

डिस्क निवडायला दोघं बाजारात गेले. दुकानदारानं चार सारख्या डिस्क एका खोक्यातून काढून समोर ठेवल्या. दिरानं हात आडवा धरला. "एकाच खोक्यातल्या नकोत. एका दिवशी जन्मल्या, एकसारख्या राबल्या, तर एकदमच मान टाकतील. दोन या कंपनीच्या द्या, दोन त्या. आणि एकच फोटो दोन डिस्कवर राहील अशी जोडी लावताना एक इकडची, एक तिकडची."

"अहो साहेब, लग्न जुळवताय की डिस्क घेताय?" दुकानदार म्हणाला. दीर हसला. फोटोताईंना हसू आलं नाही. त्या प्रत्येक डिस्क हातात घेऊन वजन बघत होत्या, कानाशी धरत होत्या. बंद डिस्कला कसला आवाज असणार? पण त्यांना टक् ऐकू आलं. त्यांनी डिस्क खाली ठेवली, तरी येत होतं. दुकानातलं घड्याळ असेल असं त्यांनी मनाला समजावलं आणि वर बघायचं टाळलं.

दुकानदारानं आणखी एक पुढे केली. "ही घ्या, याच आकारात जागा जास्त."

"यात ओळी एकीवर एक चढवून लिहितात, कौलांसारख्या," दीर म्हणाला. "एक कौल बदलायचं तर शेजारची चार काढावी लागतात. जोडीतली एक मेली आणि तिच्या जागी हिला भरायची वेळ आली, की ही धापा टाकणार. नको."

जिन्याखालच्या कपाटात सर्व्हर बसला. कपाटाच्या दाराला जाळी ठोकली, हवा खेळती राहावी म्हणून. पंखे मोठे आणि हळू फिरणारे घेतले, डिस्कखाली रबर घातलं, वीज गेली तर व्यवस्थित बंद होईपर्यंत टिकेल अशी बॅटरी जोडली. वर दिरानं ताकीद दिली, "जोडी आहे म्हणजे झालं, असं नाही. चुकून पुसलंत तर दोन्हीकडून पुसलं जातं. तिसरी प्रत माझ्या घरी राहील. जळलं, बुडलं, चोरीला गेलं, काही झालं तरी."

फोटोताईंनी स्टुडिओच्या दारावर पाटी लावली, की इथं काढलेला फोटो कुणाकडे असेल तर एक प्रत आणून द्यावी. लोक आले. कुणी पेनड्राइव्ह आणला, कुणी भिंतीवरची फ्रेमच खिळ्यासकट. एका गृहस्थानं पहिल्या लग्नाचे फोटो आणले आणि हळूच सांगितलं, हिला कळू देऊ नका. सर्व्हर भरत चालला. फोटोताई एकेक चेहरा उघडून बघायच्या. दुसऱ्याच कुणाच्या गर्दीत, मागे कुठंतरी, ती पोरगी हसत उभी असेल म्हणून. कधी वाटायचं, ही काय! मोठं करून बघावं तर भलतीच कुणीतरी. इतकी तोंडं पाहिली, की मनातला तिचा चेहरा निसटायला लागला. नाक कुणाचं, हनुवटी कुणाची, काही कळेना. आणि शिवणबाई यायच्या, बसायच्या, म्हणायच्या, "सांगा."

फोटोताई सांगायच्या. वेणी, पांढरी कॉलर, स्टुलाची कड धरलेला हात. यातलं पाहिलेलं किती आणि रचलेलं किती?

आणि एके दिवशी दीर प्रयोगशाळेचं पाकीट घेऊन आला. फार थोडं निघालं होतं. बहुतेक फाइली उघडतच नव्हत्या. एक उघडली, अर्धी. वरचा भाग फोटो, खाली नुसता करडा रंग, धुवून पुसलेल्या फरशीसारखा. वर कपाळ होतं, हसण्यानं बारीक झालेले डोळे होते, आणि मोकळे सुटलेले, चेहऱ्याभोवती विखुरलेले केस.

वेणी नव्हतीच.

फोटोताईंनी पडदा बंद केला. दाखवावं की नाही? इतके महिने त्या एका आईला दुसऱ्याच कुठल्या पोरीचं वर्णन ऐकवत होत्या. पण संध्याकाळी त्या स्वतःच चालत मागच्या गल्लीत गेल्या, शिवणबाईंना घरी घेऊन आल्या आणि जिन्याजवळच्या पडद्यासमोर बसवलं.

शिवणबाईंनी पडद्याला हात लावला नाही. नुसत्या पुढे वाकल्या.

"मी चुकीचं सांगत होते," फोटोताई म्हणाल्या. "वेणीचं. मला खरंच तसं दिसायचं हो."

"मला माहीत होतं." शिवणबाईंची नजर पडद्यावरून हलली नाही. "त्या दिवशी केस धुतले होते तिनं, तशीच ओल्या केसांनी पळाली होती. मी ओरडलेसुद्धा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगायचं थांबवलं असतंत."

कपाटातून पंख्यांची हलकी घरघर येत होती. नवरा दारात येऊन उभा राहिला, काय चाललंय ते बघून पाय न वाजवता मागे गेला. फोटोताईंनी तो अर्धा फोटो सर्व्हरवर टाकला, दिराच्या घरची प्रत झाली की नाही ते तपासलं, आणि एक प्रत छापून शिवणबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. मग करड्या भागावर, जिथं ओठ असायला हवे होते तिथं, बोट टेकवलं.

"आता इथून खालचं सांगा," त्या म्हणाल्या.

फोटोताईंनी डोळे मिटले. काहीच दिसेना. तरी त्यांनी सांगायला सुरुवात केली.