करवलीचा मान

हुस्नबानू मॅडमची नक्कल करायची तर आधी छत्री हवी. पाऊस असो नसो. ती दाराच्या कडीला अडकवायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा आणि उशिरा आलेल्या बाईकडे न बघता म्हणायचं, "आपण आलात, बरं झालं. आम्ही थांबलोच होतो, फक्त शिकवता शिकवता." माझी ही नक्कल आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सगळ्यांनी ऐकलेली आहे. एकदा खुद्द मॅडमनी जिन्यात ऐकली. म्हणाल्या, "छत्री डाव्या हातात असते."

मॅडम राहायच्या कसबा पेठेत. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या आणि अठ्ठ्याण्णव साली आठवड्यातून तीन दुपारी पीएमटीच्या बसने कोथरूडला येऊन बायकांना फुकट इंग्रजी शिकवू लागल्या. जागा आमच्या इमारतींना लागूनच, एका ट्रस्टच्या वाचनालयामागची वरच्या मजल्यावरची, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांची खोली. वर्गात नऊ जणी. त्यातली एक माझी आई, उल्का. आणि एक सोजरबाई, साठीच्या. त्यांच्याच शेतावर आमच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. जिना चढताना दर वेळी सांगायच्या, "हितं आमचा हरभरा हुता."

सहायक क्रियापदापाशी वर्ग महिनाभर अडकला. "यू लाइक टी" हे सगळ्यांना यायचं, पण त्याचा प्रश्न करताना 'डू' कुठून उगवतो, ते कुणाला कळेना. सोजरबाई म्हणाल्या, "बाई, ह्याला काय अर्थच न्हाई, मग आणायचा कशाला?"

मॅडमनी त्या दिवशी पुस्तक मिटलं. मे महिन्यात त्या सोजरबाईंच्या पुतणीच्या लग्नाला गेल्या होत्या. तिथे करवलीला मानाची साडी द्यायची राहिली, आणि ती मिळेपर्यंत करवली दारातून हलली नव्हती. वऱ्हाड तासभर उन्हात.

"मुख्य क्रियापद म्हणजे नवरी," मॅडम म्हणाल्या. "हे डू, डिड, विल म्हणजे करवल्या. एरवी करवली नवरीच्या शेजारी. प्रश्न विचारायचा असेल तर तिने सगळ्यांच्या पुढे येऊन दार वाजवायचं. डिड यू गो. भूतकाळाचं ओझं करवलीने उचललं, म्हणून नवरी मोकळी. वेन्ट नाही, गो."

"आन् मान?" सोजरबाईंनी विचारलं.

"तेच सांगते. नुसतं येस म्हणायचं नाही. येस, आय डिड. नवरी आली नाही तरी चालेल, पण करवलीला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही."

साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांनी गळ्यात अडकवायच्या पाट्या केल्या. करवल्यांच्या पाट्या लाल. त्या कायम सोजरबाईंच्या गळ्यात, कारण पुढे येऊन उभं राहायला बाकीच्या लाजायच्या.

मग ट्रस्टचं पत्र आलं. खोलीवर कॉम्प्युटर क्लासवाल्यांचा डोळा होता. कार्यवाह श्रीनिवास पानसे शुक्रवारी येऊन वर्ग बघणार, बायका खरंच शिकतायत असं वाटलं तर खोली राहील, नाही तर जाईल. फुकटच्या वर्गाला दुसरी जागा मॅडमना तीन ठिकाणी नाकारली होती. खोली गेली की वर्ग गेला. त्या आठवड्यात कुणी उशिरा आलं तरी मॅडम टोमणा मारेनात, आणि त्यानेच सगळ्या जास्त घाबरल्या.

शुक्रवारी पानसे आले. बॅग मांडीवरच ठेवून त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, मुलं किती विचारलं. नऊही जणींनी धडाधड उत्तरं दिली. माझी आई तर नको तितकी.

"पाठांतर छान आहे," पानसे मॅडमना म्हणाले. "पण ह्यांना स्वतःहून कुणाला काही विचारता येतं का? की विचारलं तेवढंच?"

विचारल्यावर उत्तर द्यायची सवय सगळ्यांना होती, साहेबाला आपण काही विचारायचं ही नव्हती. मॅडमनी कुणाकडे पाहिलं नाही. छत्रीकडे बघत राहिल्या.

सोजरबाई उठल्या. गठ्ठ्यावरच्या लाल पाट्या चाळून एक काढली, गळ्यात घातली, पदर सारखा केला आणि पानशांच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पाटीवर 'विल' होतं.

"विल यू गिव्ह अस धिस रूम?"

पानसे हसले. "येस, येस," म्हणत बॅग घेऊन उठले.

सोजरबाई हलल्या नाहीत. दार त्यांच्या मागे होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "करवली तशीच हुबी हाय."

पानशांनी गोंधळून मॅडमकडे पाहिलं. मॅडम चष्मा पुसत होत्या. शेवटी आईने सगळं सांगितलं: नवरी, करवली, मे महिन्यातली साडी, नुसतं येस इथे का चालत नाही. पानसे ऐकत राहिले. मग त्यांनी बॅग पुन्हा खुर्चीवर ठेवली, आणि शाळेत उभं केल्यासारखे ताठ झाले.

"येस," ते सोजरबाईंना म्हणाले, "आय विल."

"थँक्यू," म्हणून सोजरबाई दारातून बाजूला झाल्या. सोमवारी वाचनालयाच्या फळ्यावर त्या खोलीपुढे मॅडमचं नाव लागलं, वर्षभरासाठी.

पानसे निघाले तेव्हा मॅडम त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. "आपण आलात," त्या म्हणाल्या, "बरं झालं." आणि तिथेच थांबल्या. पुढचं शेपूट लावलंच नाही.

बाकी सगळ्या मॅडम मला जमतात. हे एवढं वाक्य अजून जमत नाही.