गोदाम हरवत नाही

बादलीकाकांचं खरं नाव ऑफिसात आता फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी ते बादलीकाका. क्लाउडवर जिथे फाइल साठवतात त्या जागेला ‘बकेट’ म्हणतात, आणि काका प्रत्येक नव्या माणसाला त्याचा अर्थ इतक्या जिव्हाळ्यानं समजावून सांगत की ते नाव त्यांनाच चिकटलं. त्यांनाही ते आवडायचं. डोक्यावरचे केस गेलेल्या माणसाला कुणी पातेलं म्हणण्यापेक्षा बादली बरी, असं ते स्वतःच म्हणत.

संस्था लहानशी होती. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्यानं वाचायची, रेकॉर्ड करायची आणि इंटरनेटवर ठेवायची, एवढंच काम. जागा दोन खोल्यांची. आतल्या खोलीच्या भिंतींना राखाडी स्पंज लावलेला, मध्ये एक टेबल, एक माइक आणि पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून पसरलेला जाड टॉवेल. बाहेरच्या खोलीत काचेच्या अलीकडे काकांचं टेबल. पूर्वी रेकॉर्डिंगही काकाच करत आणि फाइलीही काकाच सांभाळत. पुढे रेकॉर्डिंगला दुसरी माणसं आली, पण फाइलींना काकांनी कुणाचा हात लावू दिला नाही. माणूस एरवी मऊ मेणाहून, पण फाइलीच्या बाबतीत खाष्ट सासू.

“हे बघा,” नव्या माणसाला ते सांगत, “आपलं गोदाम एकच. लांब कुठेतरी. पण गावोगावी आपली दुकानं आहेत. कुणी पुस्तक मागितलं की जवळचं दुकान आधी आपल्या फळीवर बघतं. असलं तर तिथूनच देतं. नसलं तरच गोदामातून एक प्रत आणतं आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी फळीवर ठेवून देतं. म्हणून आपलं पुस्तक कुठेही पटकन वाजतं. कळलं?”

“आणि फळीवरची प्रत जुनी झाली तर?”

“पुसून टाकायची! दुकानाला हुकूम द्यायचा, फळी रिकामी कर. पुढच्या वेळी ते गोदामातून ताजी प्रत आणेल. काही बिघडलं की पहिलं काम हेच. फळी पुसताना घाबरायचं नाही. मूळ गोदामात आहे ना? गोदाम हरवत नाही.”

हे शेवटचं वाक्य ते इतक्यांदा म्हणत की माणसं त्यांच्या पाठीमागे त्याची नक्कल करत. काकूंना तर ती फार छान जमायची.

काकू म्हणजे त्यांची बायको. संस्थेत पुस्तकं वाचायच्या त्या. आतल्या खोलीत काकू, बाहेर काका, मध्ये काच, असा त्यांचा अर्धा संसार झाला. घरी भांडण झालं असेल तर त्या दिवशी काकू रहस्यकथा वाचायला घेत आणि खुनाची पानं काकांकडे बघत वाचत. आवाज मात्र असा, की लांबच्या गावातली ऐकणारी माणसं फोन करून विचारत, त्या बाईंचं नवीन काही आलं का?

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी माइकची चाचणी व्हायची. काकू काहीतरी बोलत आणि काका बाहेर आवाजाची पट्टी लावत. काकांचं बोलणं काकूंच्या कानातल्या हेडफोनमध्ये जाई, पण रेकॉर्ड होत नसे. नवी चाचणी झाली की आधीची काका पुसून टाकत. काकूंची शेवटची चाचणी तेवढी राहिली, कारण तिच्यानंतर दुसरी झालीच नाही. एका पुस्तकाच्या मध्यावर काकू आजारी पडल्या, आणि पुन्हा काही त्या खोलीत आल्या नाहीत.

त्या चाचणीत काकू म्हणतात, “अहो, ऐकू येतंय का?”

मग थोडी शांतता. तिथे काका म्हणाले होते, “येतंय. बोल.”

“बोल काय बोल! बाथरूमचा बल्ब गेलाय, येताना आणा. आणि मागच्यासारखा पिवळा नको. त्यात मी आरशात कावीळ झाल्यासारखी दिसते.”

पुन्हा शांतता. तिथे काका हसले होते.

“हसा, हसा. बरं, करू सुरू? पान वाजलं तर सांगा हं.”

संपलं. एवढंच. त्या हसण्याचं काकांना पुढे फार वाईट वाटलं, कारण पुढे आजार निघाला तो यकृताचाच. पांढरा बल्ब त्यांनी आणला तेव्हा काकू हॉस्पिटलात होत्या.

काकू गेल्यावर काकांनी आपल्यासाठी आणि लेकीसाठी इंटरनेटवर एक पान बनवलं. लेक लांबच्या शहरात नोकरीला. त्या पानावर काही नाही, फक्त एक बटण. दाबलं की आई बोलते. काका रोज दुपारी डबा उघडला की एका कानात इअरफोन घालून टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ते बटण दाबत. “अहो, ऐकू येतंय का?” आलं की घास हातात धरून, ओठातल्या ओठात म्हणत, “येतंय. बोल.” आणि मग बोलणी खात. शेजारच्या टेबलावरच्या मुली हे बघायच्या आणि मान खाली घालून आपापला डबा खायच्या. त्यावरून कुणी कधी थट्टा केली नाही.

लेक एकदा म्हणाली होती, “बाबा, ती फाइल मी मोबाइलमध्ये उतरवून घेऊ का? आपल्यापाशी असलेली बरी.”

“मोबाइल पडतो, हरवतो, चोरीला जातो,” काका म्हणाले. “गोदाम हरवत नाही. तू फक्त बटण दाबत जा.”

लेकीनं ऐकलं. बापाच्या धंद्यातलं बापाला कळतं, असं तिला वाटलं. तिचं काय चुकलं?

आता जे झालं ते सांगायला हवं, आणि ते सांगताना जीभ जड होते. ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर निदान त्याला चार शिव्या देता आल्या असत्या.

संस्थेच्या मुख्य बाईंनी काकांना बोलावून सांगितलं, बकेटमध्ये कच्ची रेकॉर्डिंगं फार साचली आहेत, जुनी काढून टाका. रास्त बोलणं होतं. काकांनी बकेटला एक नियम लावून दिला: कच्च्या फोल्डरमधलं जे फार जुनं असेल ते आपोआप पुसलं जावं. एकदा लावला की असा नियम विचारत नाही, सांगत नाही, रोज गुपचूप झाडू मारतो. काका निर्धास्त होते. काकूंची ती फाइल त्यांनी कधीच तिथून काढून वेगळ्या जागी ठेवली होती.

ठेवली नव्हती. त्यांनी पान वेगळ्या जागी बनवलं होतं. बटणाच्या मागे पत्ता होता तो जुन्या, कच्च्याच फोल्डरचा. काकू गेल्यानंतरच्या त्या दिवसांत काका दोन वेळा गॅस चालू ठेवून घराबाहेर पडले होते, एकदा चपला न घालता ऑफिसात आले होते. फाइल हलवायची म्हणून बसले आणि नुसता पत्ता लिहून उठले. पण मनानं घेतलं की काम झालं. लोकांच्या फाइली तीन-तीनदा तपासणाऱ्या माणसानं स्वतःची एकदाही तपासली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

नियमानं आपलं काम केलं. गोदामातली फाइल गेली. आणि काकांना कळलंच नाही, कारण दुपारी बटण दाबलं की काकू बोलतच होत्या. तो आवाज गोदामातून येतच नव्हता. तो जवळच्या दुकानाच्या फळीवरून येत होता. जे पुस्तक रोज कुणीतरी मागतं ते फळीवरून दुकान सहसा काढत नाही. इकडे काका रोज मागत होते, तिकडे लेक मागत होती, म्हणून दोन दुकानांनी दोन प्रती सांभाळल्या होत्या. मूळ जळून गेलं होतं, आणि दोन माणसांच्या रोजच्या ऐकण्यावर काकू बोलत होत्या.

असं किती तरी महिने चाललं. चालू राहिलंही असतं आणखी काही दिवस.

मग एका सकाळी मुख्य बाई धावत आल्या. शाळेतल्या मुलांसाठी केलेल्या अभ्यासाच्या पुस्तकात बऱ्याच धड्यांत चुकीचं वाचलं गेलं होतं. सुधारलेल्या फाइली काकांनी चढवल्या होत्या, पण मुलांना अजून जुनंच ऐकू येत होतं. परीक्षा तोंडावर. पालकांचे फोनवर फोन.

“काका, आत्ताच्या आत्ता काहीतरी करा. पोरं चुकीचं पाठ करतायत हो!”

“फळी पुसतो,” काका म्हणाले. “पाच मिनिटांत ताजं येईल.”

एरवी काका ज्या फाइली बदलल्या तेवढ्यांचेच पत्ते लिहून हुकूम देत. त्या दिवशी धडे खूप होते, फोन वाजत होता, बाई पाठीशी उभ्या होत्या. एकेक पत्ता लिहीत कोण बसणार? काकांनी एक फुली टाकली. त्या फुलीचा अर्थ: सगळ्या दुकानांच्या सगळ्या फळ्या रिकाम्या करा. घाबरायचं काय? मूळ गोदामात आहे ना?

खरंच पाच मिनिटांत सगळीकडे ताजे धडे वाजायला लागले. बाईंनी हात जोडले. कुणीतरी काकांना चहा आणून दिला. त्या चहाचं काकांना फार अप्रूप वाटलं.

दुपारी त्यांनी डबा उघडला, इअरफोन घातला, बटण दाबलं. “येतंय, बोल” तोंडात तयार होतं.

काही आलं नाही.

पुन्हा दाबलं. पडद्यावर एक कोरडी ओळ उमटली, अशी फाइल इथे नाही. काकांना प्रथम रागच आला, इंटरनेटवाल्यांचा. मग त्यांनी बकेट उघडली. तो फोल्डरच दिसेना. बकेटमध्ये रिकामा फोल्डर अशी गोष्टच नसते. आतली शेवटची फाइल गेली की फोल्डरही नाहीसा होतो, जागासुद्धा मागे राहत नाही. हे काकाच नव्या माणसांना शिकवत आले होते. मग त्यांना नियम आठवला, आणि मग सकाळची फुली आठवली.

त्यांनी क्लाउडच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. जुन्या प्रती जपायची सोय या फाइलींवर चालू आहे का, त्यानं विचारलं. ती सोय काकांनी फक्त पूर्ण झालेल्या पुस्तकांना लावली होती. कच्च्या मालाला कशाला, असं त्यांनीच ठरवलं होतं.

“मग सर, आमच्याकडेही काही राहत नाही.”

“शोधून बघा ना. माझ्या बायकोचा आवाज आहे हो.”

“सॉरी, सर.” आणि फोन ठेवण्याआधी, “खरंच सॉरी.”

काकूंची पूर्ण झालेली पुस्तकं गोदामात शाबूत होती. राजे, राण्या, खुनी, सावत्र आया, सगळे काकूंच्या आवाजात बोलत होते. काकांशी बोलणाऱ्या काकू तेवढ्या त्यात कुठेच नव्हत्या.

एक आशा उरली होती. फोनसुद्धा वाजवलेली फाइल काही दिवस आपल्या पोटात ठेवतो. काकांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रोज संध्याकाळी सगळं साफ व्हायचं, ते त्यांनीच लावून दिलेलं. पण लेकीचा फोन होता. त्यांनी जिन्यात जाऊन तिला फोन लावला.

“बाळा, नीट ऐक. आईचं पान उघडू नकोस. फोनमधल्या कशाला हात लावू नकोस. आहे तसा ठेव, मी सांगतो तसं कर.”

“अहो बाबा, मीच तुम्हाला फोन करणार होते. मगाशी लावलं तर आईचा आवाज मध्येच अडकायला लागला. म्हणून तुम्ही सांगता तसं केलं. फोनमधलं साठलेलं सगळं पुसलं आणि परत उघडलं. तेव्हापासून येतच नाही. म्हटलं, बाबांचं काहीतरी काम चालू असेल.”

काका जिन्याच्या पायरीवर बसले. बाजूनं कुणीतरी खोकं घेऊन वर जात होतं, त्याला वाट द्यायला ते भिंतीला टेकले.

“बाबा? चुकलं का माझं काही?”

“नाही गं,” काका म्हणाले. “बरोबर केलंस. असंच करायचं असतं.”

“मग कधी नीट होईल?”

तिनं हे विचारेपर्यंत काकांना वाटत होतं की काहीतरी थाप मारता येईल. दोन दिवस, चार दिवस. पण लेकीशी ते कधी फाइलीबद्दल खोटं बोलले नव्हते.

“नाही होणार, बाळा. गोदामात नाहीये. मीच घालवली. मी नियम लावला, मीच फळ्या पुसल्या. आई गेली.”

शेवटचे शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्यांना कळलं की हे ते तिला दुसऱ्यांदा सांगत आहेत. पहिल्यांदाही फोनवरच सांगितलं होतं.

पलीकडून काही आलं नाही. काकांना रडू आवरेना, पण जिन्यात आवाज घुमतो म्हणून त्यांनी शर्टाची बाही तोंडात धरली. त्यांच्याकडूनही काही गेलं नाही. फोन चालू होता आणि दोन्हीकडे शांतता होती. लेकीला वाटलं असावं, लाइन तुटली.

“बाबा?” ती म्हणाली. “ऐकू येतंय का?”

सूर तिचाच होता. पण ‘येतंय’वर जरा वर जाऊन थांबायची ती तऱ्हा तिच्या आईची होती. तिला ते ठाऊक नव्हतं.

काका रोज डब्याशी थांबायचे तेवढेच थांबले. मग बाही तोंडातून काढली.

“येतंय,” ते म्हणाले. “बोल.”

पण तिला बोलवत नव्हतं. ती रडत होती. काकांनी फोन कानाला घट्ट लावून धरला आणि ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. वर टेबलावर त्यांचा डबा उघडाच होता.