कोरडा अंगठा

नवऱ्याचा अंगठा ती पुन्हा पुन्हा पदराने पुसत होती. गर्द बंद केली की पहिले काही दिवस अंगाला घाम फुटतो, हात थरथरतात. आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातलं यंत्र असा अंगठा ओळखत नाही. आणि अंगठा उमटल्याशिवाय सरकारी अनुदानात रुग्ण धरत नाहीत, म्हणून दाखलही करून घेता येत नाही.

“अहो, नीट दाबा ना!”

तो हसला. “साहेब, एक पुडी ओढली की हात दगडासारखा राहतो. येऊ ओढून?”

“जीभ झडो तुमची!” ती म्हणाली.

माझी आई आयुष्यभर अंगठाच उठवत आली. तिचा अंगठा कुणी परत पाठवला नाही. त्याच अंगठ्याच्या जोरावर मी शिकलो, या खुर्चीपर्यंत आलो. त्या खुर्चीतूनच मी म्हणालो, “ताई, उद्या या.”

दुसऱ्या दिवशी दार उघडताच दोघं हजर. त्याचा हात कोरडा, स्थिर होता. पहिल्याच वेळी हिरवा दिवा लागला.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “मीच आणून दिली पुडी. घ्या आता आत.”